तेरड्याची गौर आणि रोमची केरेस: नाव कुणाचं, गोष्ट कुणाची?

रोह्याचं नाव काढलं की पहिलं नाव येतं धावीर महाराजांचं. दसऱ्याला पालखी निघते, पोलीस शस्त्रं घेऊन देवाला मानवंदना देतात, मुंबई-पुण्याला कामाला गेलेली पोरं तेवढ्यासाठी गावी येतात. पेणचं नाव काढलं की गणपती. हमरापूर, जोहे, अख्खा पट्टा मूर्तींनी भरलेला, आणि तिथल्या मूर्ती पार परदेशात जातात. म्हणजे एका गावाचा एक देव, दुसऱ्या गावाचा दुसरा देव. मग बाई कुठंय?

बाई आहे. गणपती बसले की दोन-चार दिवसांनी ती येते, तीन दिवस राहते आणि जाते. तिला कुठल्या पालखीची सलामी नाही. आणि खेड्यात अजूनही ती कारखान्यात बनत नाही, बांधावर उगवते. आजचा भाग तिच्यावर, म्हणजे गौरीवर. तिच्या नावावर आणि त्या नावाला चिकटलेल्या गोष्टींवर. मध्ये आपण रोमला जाऊन येणार आहोत, कारण तिथं एक बाई आहे जिचं प्रकरण आपल्या गौरीसारखंच आहे. तिचंही नाव एकीकडचं आणि गोष्ट दुसरीकडची.

आधी आपल्याकडे काय होतं ते बघू. ज्यांनी बघितलंय त्यांनी दोन मिनिटं सहन करा. पेणच्या बाजारात गौरीचे मुखवटे मिळतात, साड्या नेसवायचे सांगाडे मिळतात, सगळं मिळतं. पण कोकणातल्या कितीतरी घरांत गौर म्हणजे तेरडा. बायका रानात नाहीतर शेताच्या कडेला जातात, मुळासकट तेरडा उपटतात, त्याची जुडी बांधतात, हळदकुंकू वाहतात आणि वाजतगाजत घरी आणतात. दारात तिचे पाय धुतात. रोपाचे पाय, म्हणजे मुळंच की. मग घरभर फिरवून तिला कोठी दाखवतात, चूल दाखवतात, गोठा दाखवतात. काही घरांत तेरडाही नसतो. नदीवरून किंवा पाणवठ्यावरून पाच नाहीतर सात खडे आणतात, तीच गौर. खड्यांची गौर. ती आणताना कितीतरी घरांत बोलायचं नाही अशी रीत आहे, मुक्यानं चालत यायचं.

तेरडा बघितलाय ना? गुलाबी-जांभळी फुलं येतात. कुणी पेरत नाही, पहिल्या पावसात आपोआप उठतो. त्याची पिकलेली बोंडं बोटानं नुसती दाबली तरी फट्‌कन फुटतात आणि बी चारी बाजूंना उडतं. लहानपणी हा उद्योग सगळ्यांनी केलेला असतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण कुणाचं टिकत नाही हे सांगायला टोमण्यासारखी वापरतो. पण गौरही तीनच दिवस असते, हे लक्षात घेतलं की तो टोमणा जरा वेगळा ऐकू येतो.

आता शेतात बघा. खारपाटातलं भात असो नाहीतर रोह्याकडचं डोंगराच्या कुशीतलं, भाद्रपदात त्याचं काय चाललेलं असतं? हळवं भात निसवायला लागलेलं असतं, म्हणजे लोंबी बाहेर डोकावते. निमगरवं पोटरीत असतं. ‘पोटरी’ हा शब्द कृषी विभागाच्या मोबाईलवर येणाऱ्या सल्ल्यातही असतो: पीक पोटरी अवस्थेत असताना पाणी अमुक इतकं ठेवा वगैरे. ताटाच्या पोटात लोंबी धरलेली असते, ताट फुगतं. शेतकऱ्याच्या भाषेत भात त्या वेळी पोटुशी असतं. गौर नेमकी त्याच पंधरवड्यात येते. लावणी संपलेली, कापणी अजून लांब. कोठीत गेल्या वर्षीचं धान्य तळाला गेलेलं आणि यंदाचं अजून ताटाच्या पोटात. हे दिवस आशेचे आहेत आणि भीतीचेही. एखादं मोठं उधाण आलं, बांधाला खांड गेली, की खारं पाणी आत शिरतं आणि सगळं संपतं.

नव्या सुनेचा ओवसाही याच वेळी. सुपं मांडायची, त्यात पानं, फळं, धान्य, ओटीचं सामान, आणि ती सुपं गौरीपुढे ओवसायची. कितीतरी गावांत नव्या नवरीचा पहिला ओवसा तेव्हाच होतो, जेव्हा गौर पूर्वा नक्षत्रात येते. नाहीतर वर्षभर थांबायचं. हे पूर्वा म्हणजे पावसाचं नक्षत्र, साधारण ऑगस्ट संपता संपता लागतं ते. म्हणजे बाईची कूस, भाताची पोटरी आणि पाऊस, तिन्हींचा हिशोब एकाच सुपात. पाखडायचं सूपच का, ताट का नाही, तबक का नाही? ते सूप लक्षात ठेवा, रोममध्ये लागेल.

बरं, आता नाव. गौरी. कुणालाही विचारा, उत्तर येतं: गौरी म्हणजे गोरी. त्यामागची गोष्ट पुराणांत बऱ्याच ठिकाणी येते. पार्वती आधी सावळी होती. शंकरानं एकदा थट्टेत तिला काळी म्हटलं. ती चिडली, तपाला गेली, ब्रह्मदेवाकडून वर मिळवला आणि आपली काळी कांती सापाच्या कातीसारखी टाकून दिली. त्या टाकलेल्या कातीतून कौशिकी नावाची वेगळी देवी झाली, आणि पार्वती झाली गौरी. ही गोष्ट ऐकून कितीतरी सावळ्या पोरींनी गपचूप हळद-बेसन लावलं असेल. नवऱ्यानं रंगावरून टोमणा मारला म्हणून बायकोनं तप करायचं, हे आज ऐकायला बरं वाटत नाही, आणि वाटूही नये.

पण शब्दाकडे नीट बघितलं तर मामला वेगळाच निघतो. संस्कृतात ‘गौर’ म्हणजे फक्त पांढरा नाही. अमरकोश हा जुना शब्दकोश पांढऱ्यासाठीही गौर शब्द देतो आणि हळदीसारख्या पिवळ्यासाठीही तोच देतो. लालसर रंगालाही गौर म्हटलेलं सापडतं. त्याहून मागे गेलात तर वेदांत ‘गौर’ हे एका जनावराचं नाव आहे, रानातल्या बैलासारख्या जनावराचं. आपला गवा. इंग्रजीत आजही त्याला ‘गौर’च म्हणतात. आणि गवा काही गोरा नसतो, चांगला काळा-तपकिरी धिप्पाड असतो. म्हणजे ‘गौरी म्हणजे फेअर अँड वगैरे’ हा अर्थ शब्दानं आपल्यावर लादलेला नाही, आपण शब्दावर लादलाय. पिवळी धरली तर ती पिकल्या लोंबीच्या रंगाची होते, हळदीच्या रंगाची होते. तिच्या नैवेद्याला हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात त्या घरात हा अर्थ जास्त शोभतो, असं माझं मत.

(एक गंमत सांगतो. संस्कृतात ‘रुह्’ म्हणजे उगवणं, त्यावरूनच आपला ‘रोप’ शब्द आलाय. आता कुणीतरी लगेच म्हणेल, मग रोहा म्हणजे उगवण्याचं गाव! नको. नाव कानाला सारखं लागलं म्हणून अर्थ एक होत नाही. या भागात ही सावधगिरी अजून एकदा लागणार आहे.)

गौरीचं दुसरं नाव ज्येष्ठा. इथे गोंधळ अजून वाढतो. पुराणातली ज्येष्ठा ही लक्ष्मीची थोरली बहीण. समुद्रमंथनात लक्ष्मीच्या आधी निघाली म्हणून ज्येष्ठा. तिचं दुसरं नाव अलक्ष्मी. भांडण, दारिद्र्य, आळस ही तिची माणसं. हातात केरसुणी, वाहन गाढव. दक्षिणेत, विशेषतः तमिळनाडूत, तिच्या दगडी मूर्ती आहेत आणि एके काळी तिची रीतसर पूजा होत होती. नंतर ती मागे पडली. मग आपण भाद्रपदात पुरणपोळी करून अलक्ष्मीला घरात बोलावतो का? पंचांग म्हणतं, नाही. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन; पूजनाचं नक्षत्र ज्येष्ठा म्हणून गौर ज्येष्ठा. पण घराघरांत नक्षत्राचं माणूस झालं. ज्येष्ठा आली म्हणजे धाकटी पण हवी, म्हणून कनिष्ठा आली. दोन मुखवटे झाले, दोन बहिणी झाल्या. घाटावर गेलात, मराठवाडा-विदर्भात गेलात, की त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. आता सांगा, ती गणपतीची आई, की बहीण, की लक्ष्मी? चार घरांत चार उत्तरं मिळतील आणि चारही घरांत आरती तितक्याच जोरात होईल.

नाव एवढं घसरतं आणि पूजा तसूभर घसरत नाही, तेव्हा समजावं की पूजा नावाच्या आधीची आहे.

पूजेमागची पोथीतली गोष्टही ठरावीक आहे. कोलासुर नावाच्या असुरानं देवांना छळलं, त्यांच्या बायकांनी आपलं सौभाग्य राखण्यासाठी गौरीची प्रार्थना केली, तिनं असुराला मारलं. ठीक आहे. पण यात तेरडा कुठे आहे? खडे कुठे आहेत? सूप कुठे आहे? या गोष्टीतून पूजेतली एकही वस्तू समजत नाही.

उलट आज्यांच्या तोंडची कहाणी ऐका. एक गरीब ब्राह्मण. गावात घरोघर गौरी आल्या, त्याची पोरं आईकडे हट्ट धरून बसली की आपल्याकडेही आण. घरात दाणा नाही. बाप वैतागून तळ्यावर जीव द्यायला गेला. वाटेत त्याला एक म्हातारी भेटली. तो तिला घरी घेऊन आला. बायकोनं मडक्यात हात घातला तर मडकं कण्यांनी भरलेलं. पेज झाली, पोरं पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, मला खीर कर. दूध कुठून आणू? तर गाई-म्हशी हाका मारल्यावर गोठ्यात आल्या. मग म्हातारी म्हणाली, आता मला पोचव. तो म्हणाला, तू गेलीस की हे सगळं नाहीसं होईल. तेव्हा ती म्हणाली, मी तुला वाळू देते. ती घरभर टाक, हंड्यावर टाक, मडक्यावर टाक, पेटीत टाक, गोठ्यात टाक. काही कमी पडणार नाही.

ही गोष्ट नीट ऐका. यात असुर नाही, तलवार नाही, रंगावरून टोमणा नाही, तरुण सुंदर देवीसुद्धा नाही. एक म्हातारी आहे आणि कण्या आहेत. कण्या, म्हणजे सडताना मोडलेला तांदूळ, जो गरिबाच्या वाट्याला येतो. आणि शेवटी नदीकाठची वाळू. आजही गौर बोळवून परत येताना बायका ओंजळभर वाळू नाहीतर खडे घरी आणतात आणि धान्यात, घरात टाकतात. पूजेतल्या वस्तू या कहाणीत आहेत. पोथीतली गोष्ट वरून आलीय, ही खालून.

आता नदीबरोबर जरा पुढे जाऊ. पेणला भोगावती, नागोठण्याला अंबा, रोह्याला कुंडलिका. ही कुंडलिका रोह्याहून खाली रेवदंड्याच्या खाडीत उतरते, आणि तिथं आहे चौल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली, ‘पेरिप्लस’. त्यात कल्याणनंतर एक बंदर येतं, सेमिल्ला. ते म्हणजे चौल असं अभ्यासक मानतात. म्हणजे रोह्याचं पाणी जिथं समुद्राला मिळतं, तिथं रोमन साम्राज्याच्या मालाची ये-जा होती. त्या साम्राज्यातल्या शेतकऱ्याच्या घरात कुठली बाई पुजली जात होती?

तिचं नाव केरेस. इंग्रजीतून ऐकलं असेल तर सीरीस. सकाळी दुधात टाकून खातात ते सिरियल, तो शब्द तिच्याच नावावरून आलाय. टीव्हीवरची सिरियल नव्हे, त्या बिचारीचा दोष नाही. १८०१ सालच्या १ जानेवारीला सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत जुझेप्पे पियात्सी यानं मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये एक छोटा गोल शोधला, त्यालाही हेच नाव दिलं, कारण सिसिली हे तिचं बेट मानलं जायचं.

केरेस या नावाचा धातू अर्थ ‘वाढणं, वाढवणं’. लॅटिनमध्ये वाढण्याला ‘क्रेस्केरे’ म्हणतात, ते याच कुळातलं. म्हणजे तिचं नाव कुठल्या रंगाचं नाही, नात्याचं नाही, नवऱ्याचं नाही, कामाचं आहे. वाढवते ती. आणि नाव जुनं आहे. रोमच्या उत्तरेला फालेरी नावाच्या गावात इसवी सनापूर्वी ६०० च्या आसपासचं एक मातीचं भांडं मिळालंय, त्यावर तिचं नाव आहे आणि ‘फार’ या तिथल्या जुन्या गव्हाचं नाव आहे. भांडं, धान्य आणि ती. आपल्या कहाणीतल्या मडक्याची आठवण झाली ना?

पण तिची गोष्ट विचारा. आज कुणीही सांगेल ती गोष्ट अशी: तिची मुलगी प्रोसर्पिना कुरणात फुलं वेचत होती, पाताळाच्या राजानं तिला रथात घालून पळवलं. आई मशाली घेऊन पृथ्वीभर शोधत फिरली. दुःखानं तिनं धान्य उगवणं थांबवलं. माणसं मरायला लागली तेव्हा तडजोड झाली: वर्षातले काही महिने मुलगी नवऱ्याकडे, जमिनीखाली, बाकीचे आईकडे. ती वर येते तेव्हा पीक वर येतं. सुंदर गोष्ट आहे. फक्त ती केरेसची नाही, ग्रीकांच्या डिमिटरची आहे. रोमनांनी नाव आपलं ठेवलं आणि गोष्ट उसनी घेतली. नुसती गोष्ट नाही, पुजारणीही. या ग्रीक पद्धतीच्या पूजेसाठी दक्षिण इटलीतल्या ग्रीक शहरांतून, नेपल्ससारख्या, बायका आणल्या जात आणि त्यांना रोमचं नागरिकत्व दिलं जाई. सिसरो हे सांगतो. कारण देवीला विनवणी परक्या विद्येनं केली तरी ती आपल्या माणसानं केलेली हवी!

आणि जी पूजा तिची स्वतःची होती तिला या गोष्टीत जागाच नाही. एप्रिलमध्ये तिचा सण असे, केरेआलिया. त्याच्या शेवटी, १९ एप्रिलला, कोल्ह्यांच्या शेपट्यांना पेटत्या मशाली बांधून त्यांना सोडत. का? ओव्हिड या कवीच्या काळी म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही हे कुणाला धड सांगता येत नव्हतं. त्यानं एका खोडकर पोराची आणि कोल्ह्याची गावठी गोष्ट देऊन वेळ मारून नेली. कोलासुराच्या गोष्टीत तेरडा नाही, तसे प्रोसर्पिनेच्या गोष्टीत कोल्हे नाहीत.

तरी एक जागा अशी आहे जिथे रोमची उसनी गोष्ट आणि आपलं कोकण अगदी जवळ येतात. मुलगी सासरहून ठरावीक दिवसांसाठी आईकडे येते आणि परत जावंच लागतं. आपली गौर कोण? माहेरवाशीण. म्हणून तिला पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी गोडधोड, कुठे घावन-घाटलं. कोकणातल्या कितीतरी घरांत तिला तिखटाचा नैवेद्य असतो, मटणाचा, कुठे चिंबोऱ्यांचाही. पोरगी माहेरी आलीय, तिला आवडतं ते रांधायचं. शेजारी गणपतीला मोदक, आणि मध्ये पडदा. फरक एवढाच की रोमच्या गोष्टीत आई जग थांबवते. आपल्याकडे आई रांधते, ओटी भरते आणि वेशीपर्यंत पोचवायला जाते.

आणि ते सूप! रोमन शेतकऱ्याच्या पूजेतही पाखडायचं सूप पवित्र होतं. व्हर्जिल हा कवी शेतीच्या अवजारांची यादी देताना त्यात या सुपाचा उल्लेख देवाची गूढ वस्तू म्हणून करतो.

इथे सोशल मीडियावरच्या मंडळींना घाई होते. चौलला रोमन जहाजं येत होती, तिकडे सूप इकडे सूप, तिकडे मुलगी इकडे मुलगी, म्हणजे गौरी रोमहून आली! किंवा उलट, केरेस आपलीच! थांबा. जहाजातून दारूचे कुंभ येतात, नाणी येतात, काचेच्या वस्तू येतात. पण भाद्रपदातल्या पोटरीची भीती जहाजातून येत नाही, ती शेतात उभी असते. ज्या ज्या ठिकाणी माणसानं धान्य पेरलं, तिथे ते पाखडावं लागलं. पाखडायला सूप लागलं. जड दाणा राहतो आणि फोल उडतं हे रोज बघणाऱ्या हातांना सूप देवासारखं वाटलं. काम एक म्हणून वस्तू एक. एवढं पुरेसं आहे, त्यासाठी कुणाचं जहाज लागत नाही.

हा वाद विद्वानांतही झालाय, पण जास्त गंभीरपणे. महाराष्ट्र-कर्नाटक-आंध्रात एक मूर्ती सापडते: बाई बाळंतपणाच्या अवस्थेत बसलेली, पाय फाकलेले, आणि डोक्याच्या जागी कमळ. चेहरा नाही. तेर इथल्या उत्खननातही अशा छोट्या मूर्ती मिळाल्यात. हिला आज म्हणतात लज्जागौरी. बघा, पुन्हा गौरी. जिच्या मूर्तीत लाज नावाला नाही, तिला नाव दिलं लज्जा! नंतरच्या लाजलेल्या लोकांनी दिलेलं असणार. ह. धी. सांकलियांसारख्या मोठ्या पुरातत्त्वज्ञानं या मूर्तींचा संबंध पश्चिमेकडच्या बाउबोशी जोडून पाहिला. बाउबो म्हणजे मुलीच्या शोधात रडवेल्या झालेल्या डिमिटरला अंगावरचं वस्त्र वर करून हसवणारी म्हातारी. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ मध्ये ‘लज्जागौरी’ हे पुस्तक लिहिलं आणि वाट इकडे वळवली. त्यांनी गावोगावचे विधी, देवींची नावं, कहाण्या एकत्र ठेवल्या आणि दाखवलं की ही इथलीच भूमाता आहे. रेणुका हे नाव घ्या. रेणू म्हणजे मातीचा, वाळूचा कण. रेणुका म्हणजे कणाकणांची, म्हणजेच जमीन. तिच्या गोष्टीत ती रोज नदीवर जाऊन वाळूचा घडा करते आणि त्यात पाणी आणते. पुढे तिचं डोकं उडवलं जातं. डोकं नसलेली मूर्ती आणि वाळूचा घडा. आणि आपली म्हातारी जाताना देते काय? वाळू. ढेऱ्यांचं पुस्तक हाती लागलं तर वाचाच, जड आहे पण सोडवत नाही.

मला मात्र केरेसची एक वेगळीच बाजू जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती रायगडात बसून चांगली कळते. रोममध्ये तिचं देऊळ कुणाचं होतं? परंपरेनं सांगितलेल्या सालांप्रमाणे इसवी सनापूर्वी ४९६ मध्ये अन्नटंचाईत ते बांधायचा नवस बोलला गेला. ४९४ मध्ये कर्जानं पिचलेले सामान्य लोक, ज्यांना प्लेब म्हणत, शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले: तुमची लढाई तुम्हीच लढा. त्यातून त्यांना स्वतःचे प्रतिनिधी मिळाले. आणि ४९३ मध्ये आवेंटाईन टेकडीवर केरेसचं देऊळ उभं राहिलं. ते या सामान्य लोकांचं केंद्र झालं. त्यांच्या प्रतिनिधीला कुणी हात लावला तर त्याची मालमत्ता विकून पैसा या देवळात जमा व्हायचा. पुढे सिनेटच्या ठरावांच्या प्रतीही तिथे ठेवायची पद्धत पडली, म्हणजे वरच्यांनी कागद बदलू नयेत. धान्याची देवी आणि दप्तर एका छपराखाली. नंतर सम्राट आले, त्यांनी तिला नाण्यांवर छापलं, राण्यांना तिच्या वेशात दाखवलं, धान्यवाटप म्हणजे आमची कृपा असं सांगितलं. गोष्ट वरच्यांनी पुन्हा आपल्याकडे ओढली.

पेणच्या शेजारी अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथे कुळं जमली. खोताच्या जमिनी कसायच्या, खार बांधायची, उधाणाशी झगडायचं, आणि पिकलेलं भात बहुतेक खोताच्या घरी. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ठरलं: जमीन कसायची नाही. आसपासच्या पंचवीस गावांनी संप केला आणि तो एक-दोन महिने नाही, १९३९ पर्यंत, सहा वर्षं चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, १९३७ मध्ये खोतीविरोधी विधेयक आणलं. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. हिशोब करा: सहा वर्षं म्हणजे सहा भाद्रपद. बांधावर तेरडा आपोआप उगवला असणार, त्याला कुणाचा संप कळतो? पण खाचरात पोटरी धरणारं भात नव्हतं, आणि ते नव्हतं कारण लावणाऱ्यांनीच लावलं नव्हतं. धान्य थांबवून वरच्यांना तडजोडीला आणणं, ही डिमिटरची गोष्ट. ती चरीच्या माणसांनी कुठल्या पुराणात वाचली नव्हती.

दुसरी तारीख अलीकडची, तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. २१ सप्टेंबर २००८. महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर पेण तालुक्यातल्या बावीस गावांत, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात, सरकारनं शेतकऱ्यांचं मत घेतलं. गणपती जाऊन आठवडा झाला होता. शेतात भात उभं होतं. मत द्यायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी जमीन द्यायला नकार दिला, आणि तो सेझ तिथे झाला नाही.

यातून खारपाट सुरक्षित झाला असं मुळीच नाही. खारबंदिस्ती जुनी झालीय, उधाणात बांधाला खांड गेली की खाजण होतं, मग कांदळवन उठतं आणि ती जमीन पुन्हा भाताखाली येणं अवघड. खाऱ्या पाण्याला तग धरणारी ‘राता’ भाताची जात या पट्ट्यातलीच, लाल तांदळाची. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं ‘काळा राता’, ‘भुरा राता’ असे वाण निवडून जपले. आता किती घरांत राता शिजतो, हे तुम्हीच तुमच्या आजीला विचारा. जमीन विकली, बिल्डिंग आली, तरी गौर येतेच. बाजारातून तेरड्याची जुडी मिळते, दर सणासारखा चढा. फ्लॅटमध्येही तिला घरभर फिरवून कोठी दाखवतात. कोठी म्हणजे आता किचनमधला तांदळाचा प्लास्टिकचा डबा.

आणि विसर्जनानंतर वाळू आणायची ती भोगावतीच्या नाहीतर कुंडलिकेच्या काठावरूनच, जिथे अजून मिळते तिथून. त्या डब्याच्या झाकणावर चिमूटभर टाकतात. आत रेशनचा असो की कोलम.

तुमच्याकडे गौर कशाची? तेरड्याची, खड्यांची, मुखवट्याची, की आणखी कशाची? आणि तिची गोष्ट तुमच्या घरात कोण सांगतं, पोथी की आजी? व्हॉइस नोट पाठवा. आजीच्या आवाजात असेल तर आधी तीच लावू.